माझ्या शिंगांवर ठेवलेलं पाप

मी एक जुना एडका आहे. जुना म्हणजे किती, ते माझे दात बघून ओळखा. खालचे दोनच उरलेत आणि तेही हलतात. शिंग एकच आहे. दुसऱ्याच्या जागी बोटभर खुंट आहे, आभाळ आलं की तो ठणकतो. असे जवळ या मित्रांनो, भिऊ नका. मी आता कुणाला धडक देत नाही. एके काळी मात्र निरवांगीपासून बावड्यापर्यंत माझं नाव काढलं, की बाकीचे मालक आपला एडका मुकाट्यानं टेंपोत परत चढवायचे. ही फुशारकी नव्हे, खरं तेच सांगतो. बरं, थोडी फुशारकी आहे. म्हाताऱ्याला तेवढी चालते.

माझं नाव दणक्या. माझा मालक गेणबा, निरवांगीच्या धनगराच्या घरातला धाकटा. आजोबाच्या काळात त्यांची मेंढरं मोजायची म्हटलं तर दुपार व्हायची म्हणे. गेणबाच्या वाट्याला आली चार मेंढरं आणि उसाचा तुकडा. शेजारचा तुकडा थोरल्या भावाचा, सावळारामआबाचा. दोघांच्या मध्ये एक बांध, आणि बांधाच्या डोक्याशी कॅनॉलच्या चारीचं सिमेंटचं तोंड. तिथून दोघांना पाळीपाळीनं पाणी. आईबाप लवकर गेले, म्हणून सावळारामआबानंच गेणबाला लहानाचा मोठा केला होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते परक्या माणसाच्या हातून झालं असतं तर मला इतकं सांगावं लागलं नसतं.

मी पोरवयातच दांडगा. दावणीला बांधलं की दावण हलवायचो. गेणबानं ते बरोबर हेरलं. रोज पहाटे मला पळवायचा, भिजवलेले हरभरे चारायचा, वर दोन कच्ची अंडी घशात ओतायचा. शिंगांना तेल चोळायचा. मग बाभळीचं खोड पुरून त्याच्यासमोर उभं करायचा आणि गळ्यातलं दावं सोडून एकच आरोळी द्यायचा, "हुर्रर्र! घे!" त्या आरोळीसरशी माझ्या अंगात काय शिरायचं देव जाणे. मी दहा पावलं मागं सरायचो आणि खोडावर जाऊन आदळायचो. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, नाकातून रक्त यायचं, आणि गेणबा "शाब्बास रं माझ्या वाघा" म्हणून माझी पाठ थोपटायचा. त्या थोपटण्यासाठी मी पुन्हा मागं सरायचो.

जत्रांमधल्या टकरी तुम्ही पाहिल्यात का? नसतील पाहिल्या तर बरंच आहे. गोल रिंगण, भोवती माणसांचा गराडा, हलगी कडाडतेय, धूळ उडतेय. दोन एडके दोन टोकांना. मग डोक्यावर डोकं. त्याचा आवाज लांबच्या वस्तीवर ऐकू जायचा. बावड्याच्या रिंगणात एकदा काळ्या तोंडाचा एडका माझ्यासमोर आला. चांगला तगडा होता. सहाव्या टकरीला त्याची मान मोडली. तो कोसळला, तोंडातून फेस आणि रक्त येत होतं, पण त्याचे पाय धावतच राहिले. त्याचा मालक त्याच्या अंगावर पडून रडत होता. आणि इकडे गेणबा मला गुलालात न्हाऊ घालत होता. माझ्या शिंगांना फेटा बांधून गावातून मिरवलं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. घरोघरी आमच्या गावाचं नाव एका एडक्यानं राखलं, असं माणसं बोलत होती.

मग गेणबा आजारी पडला. विषमज्वर. अंगात हाडं तेवढी उरली. मिशनच्या दवाखान्यात नेला, तिथं तो जगला. तिथली एक नर्सबाई रोज संध्याकाळी त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. गेणबा परत आला तो वेगळाच माणूस होऊन. दारू सुटली. तंबाखू सुटली. बायकोवर हात उचलणं सुटलं. दर रविवारी तो आणि त्याची बायको सारजा एस.टी.नं बारामतीला प्रार्थनेला जाऊ लागले. सुटलं नाही एकच. माझी टक्कर.

बारामतीचे पाद्रीसाहेब एकदा घरी आले होते. मला बघून म्हणाले, "गेणबा, आता हे झुंजवणं बंद करा."

"का वं साहेब? शास्त्रात एडक्याच्या टकरीला कुठं मनाई हाय, दावा."

पाद्रीसाहेब हसले. जाताना एक सल्ला देऊन गेले. शास्त्र मोठं आहे, तेव्हा सुरुवात शेवटच्या भागापासून करा, येशूच्या गोष्टीपासून. आधीचं नंतर वाचा.

ते गेल्यावर गेणबा सारजाला म्हणाला, "शेंडा आधी आन बुडखा मागनं? उसाला पाणी देताना मधली सरी सोडून पुढं जातो का आपण? पयल्या पानापासनं वाचायचं. रोज एक अध्याय. येक सरी भिजली की दुसरी."

गेणबाला अक्षरओळख नव्हती. वाचायची ती सारजा, सातवीपर्यंत शिकलेली. रोज धारा काढून झाल्या, की ती ओसरीवर बसून एक अध्याय वाचायची. मी समोरच बांधलेला. तेव्हा मित्रांनो, शास्त्र मीही ऐकलंय. त्यातल्या एका बापानं पोराला बळी द्यायला नेलं आणि ऐन वेळी झुडपात शिंगं अडकलेला एडका सापडला, ते ऐकलं त्या दिवशी गेणबाला फार आनंद झाला. मला नाही झाला. त्या एडक्याचं पुढं काय झालं ते मला कळलं होतं.

सावळारामआबाला हे सगळं खटकत होतं. "कुळाचा देव सोडला, भावकीतलं जेवण सोडलं, उद्या मला बी सोडशील," असं तो तोंडावर म्हणायचा. गेणबा गप्प बसायचा. पण आतून धुमसायचा. ताप उतरला होता, डोक्यातला राग कुठं उतरला होता?

आता ती सकाळ सांगतो.

त्या वर्षी पाणी कमी होतं. पाळी गेणबाची होती. पहाटे मला पळवून तो बांधावरून परत येत होता, दावं हातात. बघतो तर चारीच्या तोंडाशी सावळारामआबा वाकून खोऱ्यानं माती ओढतोय. मातीनं अडवलेलं दारं मोडून पाणी आपल्या उसाकडे वळवलेलं.

"आबा, पाळी माझी हाय."

"माझा ऊस वाळतुया, दिसत न्हाय?"

"माझा काय हिरवा हाय? सोडा ते पाणी."

सावळारामआबा सरळ झाला आणि बोलू नये ते बोलला. "तुला काय तोटा? तुझ्या येसूला सांग की, पाड म्हणावं पाऊस."

गेणबानं त्याच्या सदऱ्याला हात घातला. आबानं खोऱ्याचा दांडा फिरवला तो गेणबाच्या खांद्यावर बसला. सणकन. गेणबा दोन पावलं मागं गेला. एवढ्यावर भांडण मिटलं असतं. आबानं पाठ फिरवली होती, तो पुन्हा माती ओढायला वाकला होता. भावाभावांची भांडणं अशीच मिटतात, एकजण पाठ फिरवतो आणि दुसरा शिव्या देत घरी जातो.

गेणबा घरी गेला नाही. माझ्या गळ्यातलं दावं ढिलं झालं. मला वाटलं, खोड आहे. आणि कानात ती आरोळी आली.

"हुर्रर्र! घे!"

मी गेलो. बाभळीच्या खोडावर जातो तसाच गेलो. माझं कपाळ आबाच्या मांडीवर बसलं आणि तो चारीच्या सिमेंटवर आपटला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या शिंगातून ऐकू आला. तो ओरडला. मी मागं सरलो. मला तसंच शिकवलं होतं, मागं सरायचं आणि पुन्हा जायचं, मालक हाक मारीपर्यंत. मालकानं हाक मारली नाही. मी पुन्हा गेलो. या वेळी कमरेवर. आबाचे हात चिखलात रुतले होते, तो तोंडावर पडला होता आणि "गेण्या, गेण्या" म्हणत होता. तिसऱ्यांदा मागं सरलो तेव्हा कुठं गेणबाला जाग आली. त्यानं धावत येऊन माझं शिंग धरलं.

मग त्यानं जे केलं ते मी एकट्यानं पाहिलं. त्यानं ते दावं चारीच्या सिमेंटच्या कडेवर घासलं. खसाखसा घासलं, हाताची सालं निघाली तरी घासत राहिला. दाव्याचे धागे सुटले, ते तुटलं. मग तो बोंबलत वस्तीकडे पळाला, "धावा रं! एडक्यानं दावं तोडलं! आबाला मारलं!"

माणसं धावली. आबाला जीपमध्ये घालून इंदापूरला नेलं. उरलेले माझ्याकडे वळले. काठ्या, दगड, एकाच्या हातात पहार. "खुनशी हाय हे, मारा!" म्हणाले. ह्याच माणसांनी माझ्यावर गुलाल उधळला होता. पहारेचा घाव डाव्या शिंगावर बसला आणि शिंग बुडाजवळ मोडलं. रक्तानं माझा एक डोळा भरला. दुसऱ्या डोळ्यानं मी गेणबाकडे बघत होतो. तो उभा होता. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. माणसं दमली तेव्हा थांबली.

मला उकिरड्याजवळ बांधलं. हरभरे बंद, तेल बंद. शिंगाच्या जखमेत किडे पडले. सारजा तेवढी येऊन हळद-तेल भरायची आणि गळ्यातल्या दाव्याच्या तुटक्या टोकावरून बोट फिरवत बसायची. ते टोक ताणून तुटलेलं नव्हतं, घासून तुटलेलं होतं. धनगराच्या घरातल्या बाईला एवढं कळत नाही होय? पण ती बोलली नाही.

सावळारामआबा परत आला तो कुबडी घेऊन. उजवा पाय कायमचा गेला. माणूस खाटेवर बसून राहिला आणि येईल त्याला एकच सांगू लागला, "मी हुर्र ऐकली. एडका धावायच्या आधी मी हुर्र ऐकली."

लोकांनी गेणबाला विचारलं. गेणबा पारावर चारचौघांत म्हणाला, "पाय मोडल्यावर आबाला तापात भास झाला आसंल. माझाच भाऊ हाय, मी कशाला हुर्र करीन?"

गावानं गेणबाचं खरं मानलं. दारू सोडलेला, देवाचं नाव घेणारा माणूस, तो कशाला खोटं बोलेल! लोक म्हणू लागले, सावळारामचा पाय गेला तसं डोकं बी गेलं. त्याची बायको भामाबाई, तीसुद्धा म्हणायची, "जाऊ द्या वं, तेच तेच कशाला उगाळताय?" पुढं पुढं आबा स्वतःलाच विचारायला लागला, की मी खरंच ऐकली का? माणसाचा पाय मोडला तर कुबडी मिळते. आपल्याच कानांवरचा विश्वास उडाला तर काय घ्यायचं हातात? त्याची खाट बांधापलीकडेच होती. तो तासन् तास माझ्याकडे बघत शिव्या द्यायचा. मी खाली मान घालून रवंथ करायचो.

इकडे रोजचं वाचन चालूच होतं. सरीमागून सरी. आणि एका संध्याकाळी पाणी त्या सरीत पोचलं जिथं पोचायला नको होतं. यज्ञांचे आणि बळींचे नियम सुरू झाले. सारजा वाचत होती. ज्याच्या हातून पाप घडलंय त्यानं दोष नसलेला एडका आणावा, त्याच्या डोक्यावर हात ठेवावा आणि तो कापावा. त्याच्या रक्तानं पापाची भरपाई होईल.

गेणबा ताडकन् उठला. अध्याय संपायची वाटही पाहिली नाही. थेट माझ्याजवळ आला. कित्येक दिवसांनी त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी येडा, मला वाटलं की शाब्बासकी आहे.

"सारजे, सापडलं," तो म्हणाला. "मला सुटायचा रस्ता सापडला. सुरी कुठं हाय?"

"अवं, पण त्येला तर येकच शिंग हाय. दोष नसलेला म्हणलंय."

मी मनात म्हटलं, जियो माझी माय.

"ते शिंग माझ्यापायीच मोडलंय," गेणबा म्हणाला. "देव समजून घील. उद्या सकाळी, चारीपाशी. जिथं घडलं तिथंच."

"काय घडलं वं तिथं?" सारजानं विचारलं. सरळ विचारलं, नवऱ्याच्या डोळ्यांत बघून. गेणबानं मान फिरवली आणि सुरी दगडावर घासायला बसला.

सकाळी तो मला चारीवर घेऊन निघाला. आत्ता हसून सांगतोय, पण तेव्हा मी भ्यालो होतो. टकरीला भिणं मला माहीत नव्हतं. रिंगणात समोर शिंगं असतात, तिथं मरायलाही मजा असते. इथं समोर माझाच मालक आणि त्याच्या कमरेला सुरी. दावं नवं होतं, नायलॉनचं, त्याच्या मुठीला दोन वेढे घेतलेलं. चारीच्या पाण्याशी त्यानं मला उभं केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मोडक्या शिंगाच्या खुंटावर. मला जोरात कळ आली.

"देवा," तो म्हणाला, "ह्या एडक्यानं..."

"थांबा!" मागून सारजा धावत येत होती. पदर खांद्यावरून घसरलेला, शास्त्र छातीशी धरलेलं. तिला धाप लागली होती. "काल अध्याय अर्धाच ठेवून उठलात. फुडलं ऐकून घ्या, मग काय मारायचं ते मारा. हात ठेवणाऱ्यानं आधी आपलं पाप आपल्या तोंडानं कबूल करायचं, असं लिवलंय. आन ज्येचं वाईट केलं त्येला भरून द्यायचं. पापाचा धनी हात ठेवणारा असतोय. एडक्याचं पाप कुणी इचारलं न्हाय तुमाला."

बांधापलीकडे खाटेवर सावळारामआबा उठून बसला होता. भामाबाई चुलीपुढून बाहेर आली. गेणबानं एकदा भावाकडे पाहिलं. सोपं वाटलं होतं बिचाऱ्याला, एक सुरी फिरवायची आणि घरी जाऊन जेवायचं. हे बोलणं मध्येच आलं.

"दावं तुटलं न्हाय," तो म्हणाला. इतक्या हळू की पाण्याच्या आवाजात विरून गेलं.

"मोठ्यानं," सारजा म्हणाली. ती रडत होती, पण मागं हटत नव्हती.

"दावं तुटलं न्हाय!" गेणबा ओरडला. "मी सोडलं! हुर्र मी केली! आबा, तुमी ऐकली ती खरी! तुमची पाठ व्हती आन मी एडका सोडला! दावं मी मागनं घासलं!"

सावळारामआबा कसा उठला आणि कसा बांध ओलांडून आला, मला सांगता येणार नाही. कुबडीवर उड्या मारत आला. आला आणि त्यानं ती कुबडी गेणबाच्या डोक्यात घातली. पहिल्याच घावाला कातडी फाटली. दुसरा खांद्यावर. तिसरा पुन्हा डोक्यात. रक्त गेणबाच्या भुवयांवरून तोंडात उतरलं. त्यानं हात वर केला नाही. तो गुडघ्यावर बसला आणि मार खात राहिला.

आणि मी! मित्रांनो, मी जातीचा झुंजार. माझ्या मालकाला कुणीतरी मारतंय, भले तो मालक मला कापायला आलेला असो, माझं रक्त खवळलं. मी मागं सरलो, पाय रोवले आणि आबाच्या दिशेनं झेपावलो. दाव्याला हिसका बसला. गेणबाच्या मुठीला वेढे होते. नायलॉन त्याच्या तळहातात शिरलं, मांस कापत गेलं. डोक्यावर कुबडी पडत होती, हात दाव्यानं चिरत होता, एका बोटाची हालचाल केली असती तर मी सुटलो असतो आणि आबाचा दुसरा पायही मोडला असता. गेणबानं मूठ उघडली नाही. मी तीनदा हिसडा दिला. तो प्रत्येक वेळी माझ्याबरोबर मातीतून फरफटला, पण दावं सोडलं नाही.

"मारा आबा," तो म्हणत होता, "मी धरलाय त्येला. मारा तुमी."

चौथ्या घावासाठी वर गेलेली कुबडी वरच राहिली. एका पायावर उभ्या माणसाचा तोल तो किती राहणार? सावळारामआबा कोसळला, नेमका गेणबाच्या अंगावर. दोघं चिखलात. आबा तिथंच पडून लहान पोरासारखा रडायला लागला.

"मी येडा न्हाय," तो म्हणाला. "भामे, ऐकलंस का? मी येडा न्हाय!"

भामाबाईनं तोंडात पदर कोंबला. "चुकलं वं माझं," एवढंच ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

थोड्या वेळानं गेणबा चाचपडत सुरी शोधू लागला. डोळ्यांत रक्त गेल्यानं त्याला धड दिसत नव्हतं. "बोलून झालं," तो म्हणाला, "आता ह्येला कापतो आन..."

"हात तर लावून बघ त्येला!" आबा चिखलातूनच गरजला. मी दचकलो. हा तोच माणूस, जो मला रोज आईमाईवरून शिव्या द्यायचा. "मुकं जनावर ते. तू सोडलंस, ते धावलं. त्येला मारून तू मोकळा व्हशील, जेवशील, झोपशील. आन मी? माझा पाय उगवंल व्हय त्येच्या रगतातनं?"

गेणबाच्या हातातून सुरी गळाली.

"मला भरून दे," आबा म्हणाला. "पाय न्हाय देता येत तुला. माझं बोलणं तरी परत दे. गावात चल. पारावर. जितं मला येडा ठरवलंस तितंच सांग."

सारजानं लुगड्याचा काठ फाडून गेणबाचं डोकं बांधलं. तसाच, रक्तानं भरलेल्या सदऱ्यानं, तो पारावर गेला. आबाला त्यानं पाठीवर घेतलं होतं. मी मागून, सारजाच्या हातात. बाजाराचा दिवस होता, गाव भरलेलं. गेणबानं सगळं सांगितलं, दावं घासलं तेही सांगितलं. कुणी थुंकलं. कुणी म्हणालं, ह्येच का तुझं शास्त्र? पोलीस पाटलानं जबाब घेतला, मग त्याला तालुक्याला नेलं. तिथं काय झालं मला माहीत नाही, मी एडका आहे. परत आला तेव्हा हातावरची जखम भरली होती, पण तीन बोटं वळेनाशी झाली होती. ती आजही वळत नाहीत.

तुम्हाला वाटेल, मग दोघा भावांनी एकमेकांना मिठी मारली असेल. नाही हो. "माफ केलं" हे शब्द सावळारामआबा आजवर बोललेला नाही. पण गेणबा रोज पहाटे आधी आबाच्या उसाला पाणी देतो, मग स्वतःच्या. त्याला शौचाला नेतो, अंघोळ घालतो. पहिलं वर्षभर आबा तोंड फिरवून बसायचा. नंतर एकदा म्हणाला, "पाणी गार हाय, उद्या तापवून आण." गेणबा त्या दिवशी गोठ्यात येऊन माझ्या गळ्यात पडून रडला.

वाचन थांबलं नाही. आता ते आबाच्या अंगणात चालतं. आबा म्हणतो, "मी तुमच्या धर्मात येनार न्हाय, पण वाचा. मला येळ जात न्हाय." तीनेक वर्षांनी सारजा जवळजवळ शेवटाला पोचली. तिथं लिहिलं होतं, की बैलाच्या आणि बोकडाच्या रक्तानं कुणाचं पाप कधी धुतलं गेलं नाही. देवाच्या पुत्रानं आपल्या देहाचा बळी एकदाच दिला, तो सगळ्यांसाठी, कायमचा. आता दुसरं जनावर कापायचं काम उरलं नाही.

गेणबानं विचारलं, "हे आधी का वाचलं न्हाईस?"

"तुमीच म्हणलात, सरी सोडायची न्हाय."

गेणबा माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे मी फुकटच ह्येला कापत व्हतो. आन त्यो देवाचा ल्योक तितं माझ्यासाठी आधीच मेला व्हता." सावळारामआबा हसतो की काय असं मला वाटलं, पण त्यानं खोकल्यासारखं केलं आणि भामाबाईला चहा टाकायला सांगितला.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मी शास्त्री नाही. पण माझ्या या डोक्यानं खूप सोसलंय. खोडं फोडली, एका काळ्या तोंडाच्या एडक्याचा जीव घेतला, एका भल्या माणसाचा पाय मोडला, पहारेचे घाव खाल्ले, आणि शेवटी माणसाचं पापही त्याच्यावर ठेवायला निघाले होते. आमच्या अंगात जोर असतो, राग नसतो. राग तुम्ही आमच्या कानात ओरडता, मग आम्ही धावतो, आणि बदनाम आम्ही होतो. आम्हाला झुंजवू नका. चुकलात तर ज्याचं वाईट केलं त्याच्या दारात जा, मार पडला तर तोही खा. आम्हाला त्यात घेऊ नका.

आणि आमच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटलाच, तर खुशाल ठेवा. शिंगांच्या मधोमध फार खाज सुटते, आणि तिथं आमचा पाय पोचत नाही.